बिनतुपाचं श्राद्ध

तंजावूरला आमच्या शेजारचे काका फक्त उजव्या गालाची दाढी करतात. डाव्या गालाला वारा जरी लागला तरी कळ मस्तकात जाते, म्हणून पंख्यालाही शिव्या. हसतात तेही अर्ध्याच तोंडाने. डॉक्टर म्हणाले, तूप बंद करा; रक्तातली वाढलेली चरबी आणि चेहऱ्याच्या नसेचं हे दुखणं, दोन्ही वारशाने आलेली असू शकतात. झालं! वडिलांच्या श्राद्धाला कावळ्यासाठी ठेवलेल्या भातावर काकांनी तूप पडू दिलं नाही.

"अय्यो, दुखणं यांनी दिलं, पथ्य मी एकट्यानेच का पाळायचं?"

कावळा फिरकेना. शेवटी काकूंनी गुपचूप चमचाभर तूप सोडलं, तशी त्याने झडपच घातली.

"बघितलंत? मेले तरी सुधारले नाहीत!" काका तोंडभर हसले आणि गाल धरून मटकन खाली बसले. उजवा अर्धा चेहरा मात्र हसतच होता.