शामराव मिस्तरी आणि एक फालतू नळी

गाडी बंद पडली की काय बिघडलं हे शामराव मिस्तरी कधी सांगत नसे. कोणी बिघडवलं, ते आधी सांगे. गॅरेजच्या दारात ग्रीसचा एक रिकामा ड्रम उपडा घातलेला असे. त्यावर बसून तो प्लॅस्टिकच्या तुकड्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत राही. ट्रक ओढून आणलेला, मालक घामाघूम, आणि हे महाशय इंजिनाकडे ढुंकूनही न बघता विचारणार, "कोन चालवत होता?" ड्रायव्हरचं नाव सांगितलं की खर्र्याची चिमूट गालात सारून म्हणायचा, "मंग बरोबर आहे." झालं निदान!

माझा एकच टिपर कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यांना कोळसा वाहायचा आणि हे गॅरेज नेमकं त्याच रस्त्यावर होतं. म्हणून हे थोबाड मला दहा-अकरा वर्षं बघावं लागलं. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. मिस्तरी आणि पांढरा शर्ट! गाडीखाली झोपायला हाताखालची माणसं होती. हा ड्रमवरून हुकूम सोडायचा आणि काम जमलं की आपला, फसलं की त्यांचा, असा साधा हिशेब. येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो 'बे' म्हणे. मालकाला मात्र 'भाऊ'. वयाशी याचा काही संबंध नव्हता, ट्रक कोणाच्या नावावर आहे याच्याशी होता.

कान मात्र होता हो माणसाला. खोटं कशाला बोलू? लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून कोणता नोझल मार खातोय हे तो सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. जुन्या इंजिनांचं त्याला खरंच कळत होतं. तेवढ्या एका गुणावर आम्ही त्याला डोक्यावर बसवला आणि तो तिथून उतरलाच नाही.

त्याची आणखी एक ख्याती होती. त्यानं गाडी उघडून परत जोडली की काही ना काही शिल्लक उरायचं. एखादा क्लॅम्प, एखादी पट्टी, कधी अख्खा पाइप. दुसरा मिस्तरी लाजला असता. हा ते सामान हातात नाचवत सगळ्यांना दाखवायचा. "कंपनीवाले फालतूचं लै लावते. त्याइले गाडी विकाची असते, आपल्याले चालवाची असते!" यावर गॅरेजमध्ये हशा पिकायचा. मीही हसायचो. शहाण्या इंजिनीअरांना आपल्या रस्त्यावरचा माणूस मूर्ख ठरवतो, याचं आम्हाला भलतंच कौतुक.

आता माझ्या टिपरचं सांगतो. खाणीत आठ वर्षं राबून निघालेला, परदेशी इंजिनाचा. मोबाइल ड्रायव्हरांच्या खिशात नुकते आले होते तेव्हाची ही गोष्ट. त्या इंजिनाच्या बगलेला वहीएवढी एक अॅल्युमिनियमची पेटी होती. कोणत्या वेळी किती डिझेल सोडायचं हे ती ठरवायची. सगळे तिला कंप्युटर म्हणत, मिस्तरी डबा म्हणे. पेटीच्या पाठीला एक चपटी प्लेट होती आणि तिच्यातून डिझेलची बारीक नळी फिरवलेली होती. एकदा ती प्लेट गळायला लागली. मिस्तरीनं ती सरळ काढून टाकली आणि तांब्याच्या तुकड्यानं डिझेल बाहेरच्या बाहेर फिल्टरला जोडून दिलं.

"डब्याचं काम विजेचं," तो म्हणाला, "त्याले काऊन डिझेल पाजून राह्यले हे? फालतू नळी!"

तेव्हा अंधाऱ्या कोपऱ्यात नीट दिसावं म्हणून बॅटरी कोणी धरली होती? मी. स्वतः. वर मानही डोलावली होती.

पुढच्या उन्हाळ्यापासून गाडी दुपारी दगा द्यायला लागली. सकाळी ठणठणीत, आणि बारा वाजून गेले की भर रस्त्यात दम सोडायची. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की परत सुरू. आमच्या जिल्ह्याचं ऊन काय वर्णावं, चैत्रातच स्टिअरिंगला हात लावायला फडकं लागतं. माझा ड्रायव्हर किसनभाऊ, सिंदेवाहीकडचा, ढिवराच्या घरचा. तळ्यात जाळी टाकायचं सोडून पोटासाठी ट्रकवर आलेला. वयानं माझ्यापेक्षा मोठा, बोलायला एकदम कमी. त्यानं आपला शोध लावला होता. ओलं पोतं पिळून तो त्या पेटीवर घालायचा, वाटेत हापसा दिसला की परत भिजवायचा. पोतं ओलं असेपर्यंत गाडी चालायची. असे दोन उन्हाळे त्यानं काढले.

"भाऊ, डबा तापते," तो मला सांगायचा. "तापला का बंद पडते. तापल्या माणसाले आपन पट्टी ठेवतो ना, तसंच. पन हे काई कायमचं नाई. एकडाव कोनाले तरी दाखवा."

कोणाला दाखवणार? मिस्तरीलाच. आणि मिस्तरी म्हणणार, "किसन्याले गाडी चालवता येत नाई." हे दोन वर्षं चाललं.

मग एका मे महिन्यात पेटीनं कायमचे डोळे मिटले. गाडी ओढून गॅरेजात आणली. स्टँडवरचे दहा-बारा ड्रायव्हर चहा पीत तिथंच होते. मिस्तरीचं लक्ष पोत्यावर गेलं. इतक्या वर्षांत प्रथमच तो कोणी न विनवता ड्रमवरून स्वतः उठला. पोतं दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवत तो ओरडला, "पाहा बे! यानं कंप्युटरात पानी घातलं! धा रुपयाच्या रेडिओत कोनी पानी घालत नाई, अन् हा ढिवर... अबे, तळं समजला का?"

सगळे खदखदा हसले. किसनभाऊ माझ्याकडे बघत होता. "भाऊ, पानी आत जात नाई. तुमी एकडाव खाली वाकून तर पाहा, नळी कुठी गेली ते."

मी वाकलो नाही. शर्ट माझाही पांढरा होता त्या दिवशी. गाडी बंद पडल्याचा संताप, वर सगळे हसताहेत. मी म्हणालो, "चावी ठेव इथं. उद्यापासून येऊ नको." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. त्यानं चावी ड्रमवर ठेवली, केबिनमधून आपली पिशवी काढली आणि पायी रस्त्याला लागला. मिस्तरी मला म्हणाला, "बरं केलं भाऊ. बिमारी गेली."

नवी पेटी नागपूरहून यायला तीन आठवडे लागले. तिच्याबरोबर लॅपटॉप घेऊन एक चष्मेवाला तंत्रज्ञ आला. नुसती पेटी बसवून भागत नाही, या गाडीचे सगळे आकडे तिच्यात भरावे लागतात, म्हणे. मिस्तरी ड्रमवरून कुजकं हसत होता. "टायपिंग करून इंजिन चालू करनार आता!" त्या चष्मेवाल्यानं आधी गाडीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"इथली प्लेट कुठं आहे?" त्यानं विचारलं. "पेटी गार राहावी म्हणून डिझेल तिच्या पाठीवरून फिरवलेलं असतं. ते तर बंद केलंय. जुनी पेटी भाजून मेली. ही नवी अशीच बसवली तर हीसुद्धा जाईल."

मी पोत्याचं विचारलं.

"पेटी सीलबंद असते. वरून पाऊस पडला तरी काही होत नाही. ज्यानं कोणी ओलं पोतं घातलं, त्याच्यामुळेच ती एवढी टिकली. प्लेट कोणी काढली?"

मिस्तरीचा खर्रा घोटणारा हात क्षणभरसुद्धा थांबला नाही. "किसन्यानं काढली असंल," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत डोळे घालून! मी बॅटरी धरली होती हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि मी तोंड उघडणार नाही, हेही त्या हलकटाला तितकंच पक्कं माहीत होतं. कारण माझ्या या परदेशी धुडाला त्या सगळ्या पट्ट्यात दुसरं कोणी हात लावत नव्हतं. मी तंत्रज्ञाला म्हणालो, "नवी प्लेट बसवा साहेब." बस्. एवढंच.

गाडी भर दुपारी अशी चालू लागली की जणू कधी बिघडलीच नव्हती. आठ दिवस मला अन्न गोड लागेना. शेवटी सिंदेवाहीकडची एसटी धरली. किसनभाऊ तळ्याच्या पाळीवर बसून फाटलं जाळं विणत होता. त्यानं मला पाणी दिलं, घरच्यांचं विचारलं. मी सगळं सांगितलं. तुमचंच खरं होतं, माझं चुकलं, गाडी तुमची वाट बघते आहे, असं सगळं.

त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे मिस्तरीच्या गॅरेजात सांगतलं का, भाऊ?"

"नाही अजून."

"मले काढलं तवा तर धा-बारा जन होते." त्यानं दातानं दोरा तोडला. "अन् बोलवाले एकटेच आले."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "उद्याच सांगतो, सगळ्यांसमोर."

"सांगा," तो म्हणाला. "मंग मी येतो. नाव खराब करून कोनत्या तोंडानं बसू स्टेरिंगवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेजात गेलो. सगळे होते. तेच ड्रायव्हर, तोच ड्रम, तोच पांढरा शर्ट. मिस्तरीनं हाक मारली, "या भाऊ, कशी पळते गाडी? केली ना मस्त?" आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा प्यालो. एका ड्रायव्हरनं विचारलं, किसनचं पुढं काय झालं? मिस्तरी म्हणाला, "गेला मासे माराले." सगळे हसले. मी रिकामा कप ठेवला आणि घरी आलो.

पुढं चार वर्षं मी गाडी त्याच्याकडेच नेत होतो. नंतर मिस्तरी खर्र्यानं गेला. मयतीला त्या रस्त्यावरचे ट्रक रांगेनं उभे होते, त्यात माझाही होता. लोक म्हणत होते, असा मिस्तरी परत होणार नाही. न होवो. मी त्याला जन्मभर नीच म्हणत आलो आणि आजही म्हणतो. पण तो निदान उघडपणे नीच होता.

किसनभाऊनं वाट पाहिली असेल, किती दिवस ते मला माहीत नाही. परत कोणाच्या ट्रकवर तो चढला नाही, एवढं कानावर आलं. प्लेट शामराव मिस्तरीनं काढली, बॅटरी मी धरली आणि किसनभाऊचा काडीचाही दोष नव्हता, हे मी आज इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवतो आहे. किसनभाऊला वाचता येत नाही.