आबा मेला, तात्याचं काय?

"कागद काय म्हणतोय?" असं विचारून सर चष्मा कपाळावर सरकवायचे. उत्तर येईपर्यंत चष्मा तिथंच.

बारामतीत एसटी स्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत सरांची अकाउंट्सची शिकवणी होती. तुमच्यापैकी कुणी या भागात कॉमर्स केलं असेल, तर तुम्हीही तिथल्या सतरंजीवर बसला असाल. पुस्तकातले अ आणि ब सरांना चालायचे नाहीत. त्यांच्या उदाहरणांत आबा आणि तात्या असायचे. दोघांची भागीदारी, करार तोंडी, आणि आबा दर परीक्षेला मरायचा.

"आबा मेला. आता तात्याचं काय?"

"भागीदारी संपली, सर. नफा समसमान. तात्याला हिशेब मागता येतो."

"येतो की. पण तात्या भागीदार होता हे कोण सांगणार? कागद काय म्हणतोय?"

मी एकदा वैतागून म्हणालो, "सर, आबाला एकदा तरी जगवा." सर म्हणाले, "आबा जिवंत असताना कुणाला कायदा लागतो, बाळ?" सगळा वर्ग हसला.

सरांचे बालमित्र सणसरला राहायचे. त्यांच्या शेतात दोघांनी मिळून रोपवाटिका काढली होती. जमीन मित्राची, शेडनेटचे पैसे सरांनी शिकवणीतून साठवलेले. दर रविवारी सर सणसरची एसटी धरायचे, दिवसभर ट्रेमध्ये मिरचीचं, वांग्याचं बी टोचायचे आणि निघण्याआधी हिशेबाची वही लिहायचे. अख्ख्या तालुक्याला भागीदारीचे करार करून देणाऱ्या या माणसानं स्वतःचा करार तेवढा केला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मित्राला म्हणू, ये, सही कर? भरल्या ताटावरून उठेल तो."

मग ते मित्र अचानक गेले. महिन्याभरात सर हिशेबाच्या वह्या घेऊन माझ्या ऑफिसात आले. मी तोवर कर सल्लागार झालो होतो. सरांची नजर अधू झालेली, शिकवणी बंद, घरात दोघंच नवराबायको, आणि म्हातारपणाची सगळी भिस्त त्या रोपवाटिकेवर. मित्राचा मुलगाही सरांच्याच शिकवणीतला. सरांनी आपल्या वाट्याचं विचारल्यावर तो नम्रपणे म्हणाला होता, "सर, मी न्हाय कुठं म्हणतोय? पण कागद काय म्हणतोय, ते बघू की."

मी वह्या उघडल्या. अक्षर सरांचंच. शेडनेटचं सरकारी अनुदान सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्यालाच मिळतं, म्हणून सरांनी सगळं भांडवल मित्राच्या नावावर दाखवलं होतं. स्वतः महिन्याला जे उचलायचे, त्यापुढे लिहिलं होतं 'हिशेबनिसाचा पगार'. भागीदार हा शब्द कुठं तरी सापडेल म्हणून मी दोन तास पानं उलटत होतो.

"सर, हे काय करून बसलात?" मी चिडून बोललो. खरं तर मला रडू येत होतं.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नोंदी बरोबर आहेत ना?"

"बरोबर आहेत."

"मग मी पगारी माणूस." चष्मा खाली घेतला, वह्या पिशवीत भरल्या. चहालाही थांबले नाहीत.

वकिलाकडे चला म्हणायला मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. "माझ्याच अक्षराविरुद्ध उभा राहू?" एवढंच म्हणाले. माझ्या हातून काही झालं नाही. वर्षाच्या आत सरही गेले.

दहाव्याला मित्राच्या पत्नी सणसरहून सरांच्या घरी आल्या होत्या. मी हिशेबाचं काम करतो हे कळल्यावर पदर सावरत जवळ आल्या.

"सरांचा निम्मा वाटा किती निघतो, तेवढं सांगा. बाईंच्या हातात देते."

"निम्मा?"

"आमचं मालक दर रविवारी जेवताना म्हणायचं, निम्मं सरांचं हाय. सरांच्या म्होरंच म्हणायचं. मी वाढत असायची."

"मग काकी, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"सर यायचं बंद झालं. मला वाटलं, जोडीदाराबिगर मन लागत नसंल." त्या सरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. "आन् मला कुणी इचारलंच न्हाय."