भाऊसोंनी निजवलेलं मशिन

शनिवारपर्यंत मेमरीची गळती सापडली नाही, तर नीलिमा वाघमारेनं तीन वर्षं खपून उभं केलेलं सॉफ्टवेअर दवाखान्यांचा ट्रस्ट काढून टाकणार होता आणि सातही दवाखान्यांत जुनी व्यवस्था परत येणार होती. तसं तिच्या साहेबानं, दिग्विजयनं, स्पष्टच सांगितलं होतं. गळती काही सापडेना, आणि नीलिमाचा पारा तेवढा रोज चढत होता.

नीलिमा रहिमतपूरची. वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. त्यांचा हट्ट आणि आईची जीभ, दोन्ही पोरीत पुरेपूर उतरलेलं. पुण्यातल्या कंपनीचं काम ती मलकापुरातल्या दोन खोल्यांत बसून करायची आणि चिडली की शहरी मराठी बाजूला ठेवायची.

त्या ट्रस्टच्या सात दवाखान्यांतले एक्स-रे सात गावच्या मशिनवर वाटून ठेवायचे, म्हणजे एखादं मशिन बसलं तरी कुणाचा फोटो हरवत नाही, असं ते सॉफ्टवेअर. काम चोख. फक्त मशिनं एकदा घेतलेली मेमरी परत सोडत नव्हती. दहा-बारा दिवसांत ती भरायची आणि मशिन मान टाकायचं.

नोंदींत दर गडबडीच्या आधी कवठे महांकाळचं नाव यायचं, म्हणून संशय तिथल्या मशिनवर. ते सलग आठ दिवस चालू द्यावं आणि आत डोकावावं, एवढीच तिची मागणी. पण तिथले ऑपरेटर भाऊसो रोज दुपारी एकला ते बंद करायचे आणि दोनला चालू.

"आवं मॅडम, सकाळधरनं राबतंय. लय तापतंय. दुपारी मेंढरं बी झाडाखाली बसवत्यात की."

"भाऊसो, ते मेंढरू न्हाई! बंद केलं की आतला सगळा पुरावा पुसून जातो. आठ दिवस हात लावू नका."

"बरं," भाऊसो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला मशिन बंद. नीलिमानं डोक्याला हात लावला. सोमवारी तिनं ट्रस्टच्या मोठ्या डॉक्टरांना लेखी तक्रारच ठोकली.

मंगळवार, बुधवार मशिन चालू राहिलं. गुरुवारी सकाळी तिनं आलेख उघडला तर बाकीच्या सहा मशिनची मेमरी वाढायचीच थांबली होती. दोन दिवस ओळी सरळ. आता शोधायचं काय, कपाळ? तिनं पेन भिंतीवर फेकलं. मग ते उचलताना तिला वाटलं, या दोन दिवसांत बदललंय काय? फक्त भाऊसो.

तिनं स्वतःच लिहिलेला भाग उघडला. बंद झालेलं मशिन परत यायचं ते नव्या क्रमांकानं. बाकीची सहा त्याला सामावून घ्यायची, पण जुन्या क्रमांकासाठी राखलेला मेमरीचा गठ्ठा तसाच धरून बसायची. रोज नवा क्रमांक, रोज एक गठ्ठा. जुना गठ्ठा आता सोडा, हे सांगणारी ओळ लिहायची राहिली होती. राहिली होती म्हणजे तिनंच लिहिली नव्हती. स्वतःला शिव्या घालत तिनं दुरुस्ती केली आणि ती सातही मशिनवर चढवली.

आता खात्री करायची तर कवठ्याचं मशिन बंद व्हायला हवं. लांबून बंद करायची सोय ट्रस्टनं ठेवलेली नव्हती. तिनं फोन लावला.

"भाऊसो, आज एकला मशिन बंद करा."

"न्हाई."

"आता का न्हाई?"

"तुमच्या तक्रारीवरनं डाक्टरसायबांनी चारचौघांत झापलं मला. परत हात लावला तर घरी बसवतील. लिवून द्या. आन चूक कुनाची व्हती, त्ये बी लिवा."

दिग्विजयला हे कळलं तसा तो उसळला. "चूक आपली असं लेखी दिलंस तर ते शनिवारी सॉफ्टवेअर काढणारच. निमित्तच शोधतायत. ऑपरेटर मशिन रोज बंद करत होता, एवढंच लिही. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं, म्हणूनच तिची तळपायाची आग मस्तकात गेली. "वीज गेली असती तरी हेच झालं असतं! मशिन बंद पडतं म्हणून तर सात ठेवलीत. चूक माझी हाय."

तिनं डॉक्टरांना लिहिलं: गळती माझ्या कोडमुळे होती, भाऊसोंची चूक नाही, तक्रार मागे घेते. एकला भाऊसोंनी मशिन बंद केलं, दोनला चालू. सहाही ओळी जरा चढल्या आणि महिन्यात पहिल्यांदाच आपणहून खाली आल्या. तरी शनिवारचा घोर होताच.

शनिवारी दुपारी भाऊसोंचाच फोन आला. "मॅडम, डाक्टरसायबांनी तुमचा कागद समद्यांम्होरं वाचला. म्हनले, जुन्या वेवस्थेत धा वर्सं घोळ झाले, पन चूक कुनाची ह्ये एकानं बी लिवून दिलं न्हाई. ठेवा म्हनले तुमचंच."

नीलिमाला रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून परत रागच आला.