सगुणाबाईंची कुसळी

सगुणाबाईंना मी निवांत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चहा दिला तर उभ्याने पिणार, बोलता बोलता कोंबडी हाकलणार, वाक्य अर्धं टाकून आतल्या खोलीत एक चक्कर मारून येणार. पायाला भिंगरी लागलेली बाई. आत काय बघून येता, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, "उंदीर." पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, "ओल." खरं उत्तर एकच होतं आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली. त्या बी बघून यायच्या.

मी नाशिकरोडची. शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आहे, आणि घोटीच्या पुढे जांभूळवाडीला महिन्यातून दोनदा तरी जाते. सगुणाबाईंचं घर गावाच्या शेवटाला. वय त्रेसष्ट. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा नाथा इगतपुरीला रेल्वेत आहे. तो म्हणतो, आई, क्वार्टरवर चल, घरात नळ आहे. त्या जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने परत येतात. बी एकटं राहतं म्हणून.

हे बी कुसळीचं. कुसळी म्हणजे भाताची एक जुनी जात. दाण्याला बोटभर लांब, लालसर कुसळं असतात, त्यामुळे रानडुक्कर तोंड लावत नाही, आणि आमच्याकडच्या धो धो पावसातही ती आडवी पडत नाही. पण उतारा कमी. म्हणून सगळ्या गावाने ती सोडली आणि इंद्रायणी धरली. सगुणाबाईंच्या बाकीच्या शेतातही इंद्रायणीच असते. फक्त वरच्या अंगाला एक खाचर आहे, तेवढं कुसळीचं. सासूने मरताना हातात दिलेलं बी त्यांनी एकेचाळीस पावसाळे एकटीने धरून ठेवलं. कुणी मागितलं तर देत नसत. "लोकं बी नेत्यात आन शिजवून खात्यात," म्हणायच्या. मला हा कंजूषपणा वाटायचा, आणि एकदा मी तसं तोंडावर बोललेही होते. त्या उठून आत बघून आल्या.

गेल्या वर्षी आमच्या संस्थेने घोटीत भाताचा सण करायचं ठरवलं. फिलिपिन्सचे चार भातशेतकरी यायचे होते. तेही डोंगरउतारावर पायऱ्या पाडून भात लावणारे. मळण्या उरकल्या की त्यांचा सत्कार, आणि मग सगळ्यांना नव्या तांदळाचं जेवण. तांदूळ कुणाचा, असा प्रश्न आला तेव्हा सगुणाबाई लगेच म्हणाल्या, "मी देते. पाव्हण्यांनी माझ्या घरचा भात खावा."

त्या वर्षी कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि जायचं नाव घेईना. कुसळीच्या खाचरात पाणी साचून निम्म्याच्या वर पीक कुजलं. राहिलेल्या लोंब्यांतून एक लहानशी गोणी हाती लागली, बस. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते आता सांगावंच लागेल.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी टेम्पो घेऊन जांभूळवाडीला गेले. दार उघडं, घरात कुणी नाही. शेजारीण म्हणाली, मावशी ओढ्याकडे गुरं घेऊन गेल्यात, यायला उशीर होईल. फोन लावला, पण त्या डोंगरात रेंज मिळणं म्हणजे नशीबच. ओट्यावर एक भरलेली गोणी तोंड शिवून ठेवली होती. मी आत डोकावले. देवाशेजारी दुसरी गोणी होती, लहान. तिला हळदीकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल, आणि विणीतून लाल कुसळं बाहेर आलेली.

माझं डोकं कसं चाललं बघा. बाहेरची इंद्रायणी आहे, ती तर घोटीच्या कुठल्याही दुकानात मिळते. आतली कुसळी आहे आणि तिची पूजा केलेली आहे. म्हणजे पाहुण्यांसाठी बाईंनी हीच काढून ठेवली असणार. आणि नसली ठेवली तरी एवढ्या लांबून आलेल्या माणसांना सगुणाबाईंच्या घरची इंद्रायणी काय खायला घालायची? मळणी झाली की बियाण्याची पूजा करून ते देवापाशी ठेवतात आणि पेरणीपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही, ही त्या घराची रीत. सहा वर्षं मी या गावात येतेय, गावावर अहवाल लिहितेय, आणि हे मला ठाऊक नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी आतली गोणी उचलली.

घोटीत निसारभाईंची भातगिरणी आहे. वडिलांपासूनची. पंचक्रोशीतला भात त्यांच्या हाताखालून गेलेला. त्यांनी गोणीचं तोंड सोडलं, मूठभर भात तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिले.

"मॅडम, हे निवडलेलं आहे. एकसारखा दाणा आहे. बी तर नाही ना? एकदा सगुणामावशींना विचारून घ्या."

"फोन लागत नाही, निसारभाई. उद्या सकाळी भात शिजायला पाहिजे. घाला."

त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घातलं.

दिवस कलायच्या सुमाराला सगुणाबाई जीपमधून गिरणीच्या दारात उतरल्या. पायात चपला नव्हत्या. आत आल्या त्या सरळ घमेल्याकडे गेल्या आणि तांदळात हात घातला. पांढरा, उजळ तांदूळ बोटांतून खाली सोडला. पुन्हा हात घातला. मी काहीतरी बोलत होते, काय ते आठवत नाही. मला ओरडा हवा होता, शिव्या हव्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "समदं घातलं?"

"सगळं," मी म्हणाले.

"घरात कायच ठेवलं नाय व्हतं मी. एवढंच व्हतं." आणि मग त्या गिरणीभर फिरू लागल्या. कोंड्याच्या ढिगापाशी गेल्या, चाळणीपाशी आल्या, दारापर्यंत जाऊन परत आल्या. सोललेला तांदूळ उगवत नाही, हे तिथे कुणाला सांगायची गरज नव्हती. मी लाजेने अर्धी झाले होते.

निसारभाईंनी यंत्र बंद केलं. मूठभर तांदूळ कागदावर पसरला, दिव्याखाली धरला आणि बोटाने एक दाणा बाजूला सारला. मग दुसरा. "मावशी, इकडे या. माझं मशीन म्हातारं झालंय. शेकड्यात एखादा दाणा ते सोडतंच. बायका रोज मला बोल लावतात, निसार, तुझ्या तांदळात साळीच फार. ही बघा साळ. टरफल शाबूत आहे."

सगुणाबाईंनी तो दाणा घेतला. कुसळ मोडलं होतं, पण दाणा पुरा होता. त्या खाली फतकल मारून बसल्या आणि निवडायला लागल्या.

सणाच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात मांडव सजलेला, फेटे बांधणारा आलेला, आणि स्वयंपाकघराच्या दारात सगुणाबाई सूप घेऊन बसलेल्या. चुलीवर आधण उकळत होतं. आचारी माझ्यावर तणतणत होता. निवडून झाल्याशिवाय एक दाणाही पातेल्यात जाणार नाही, असं बाईंनी त्याला बजावलं होतं. मी, निसारभाई, त्यांची बायको जैतुनबी, असे चार-पाच जण निवडत होतो. तांदूळ संपेना. जेवण बारा वाजता होतं आणि अकरा वाजून गेले होते.

पाहुणे आले. त्यात रोसालिंडा नावाची एक बाई होती, साठीच्या आसपासची, बुटकी, रुंद हातांची. स्टेजकडे नेत असताना ती मध्येच थांबली आणि सुपांकडे बघू लागली. हे काय चाललंय, तिने इंग्रजीत विचारलं. माझ्याकडे छान उत्तर तयार होतं. तांदूळ निवडायची आमची परंपरा, वगैरे. ते तोंडात आलं आणि मी गिळलं. मी तिला खरं सांगितलं. या बाईंचं एकेचाळीस वर्षांचं बी मी काल गिरणीत सोलून आणलं, तुम्हाला खायला घालण्यासाठी.

रोसालिंडाने आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, मनगटातलं घड्याळ काढून पिशवीत टाकलं आणि सगुणाबाईंच्या समोर मांडी घातली. बाकीचे तिघेही बसले. त्यांची बोटं तांदळावरून अशी फिरू लागली की मला माझ्या हातांची कीव आली. मांडवातल्या बायकांनी ते पाहिलं आणि ताटं, पराती, जे मिळेल ते घेऊन त्याही आल्या. स्टेजवर आमचे अध्यक्ष भातशेतीच्या गौरवशाली वारशावर बोलत होते आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत होत्या.

निवडता निवडता रोसालिंडा बोलत होती आणि मी मराठीत सांगत होते. तिच्या आईकडेही असंच एक बी होतं. आई जिवापाड जपायची. एका वादळात घर वाहून गेलं, बीही गेलं. दोन वर्षांनी पलीकडच्या दरीतल्या एका बाईच्या शेतात तोच भात उभा दिसला. आईने तिला कधीतरी ओंजळभर दिलं होतं आणि विसरून गेली होती.

"दिलं व्हतं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"हो. दिलं होतं."

सगुणाबाईंचा सुपावरचा हात थोडा वेळ थांबला.

एक वाजता निवडून संपलं. दोन ओंजळी साळी निघाल्या. सगुणाबाईंनी त्या पदरात बांधल्या आणि मग भात चुलीवर चढला. सत्काराच्या वेळी त्यांनी माझ्या हातातली शाल काढून घेतली आणि रोसालिंडाच्या खांद्यावर स्वतः घातली. जेवताना पंगतीतून फिरत होत्या. कुणी भात टाकला की तिथेच उभ्या राहायच्या, तो संपेपर्यंत.

पण गोष्ट इथे संपत नव्हती. गिरणीतल्या रबराच्या रोलमधून गेलेला दाणा वरून धड दिसतो, आतला कोंब मेलेला असू शकतो. त्यांनी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवले. चार-पाच दिवस लागतील, म्हणाल्या. ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसात बसवेना, घरी बसवेना. पाचव्या दिवशी सकाळीच मी घोटीची बस धरली आणि पुढे जीप.

सगुणाबाई ओट्यावर होत्या. त्यांनी फडकं उलगडून समोर ठेवलं. अकरा दाण्यांना पांढरे, सुईएवढे मोड आले होते. नऊ मेले होते. मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडती काय? निम्म्याच्या वर हाय की."

मग त्यांनी तीन पुरचुंड्या काढल्या. एक देवापाशी ठेवली. दुसरी बाजूला सारत म्हणाल्या, "ही निसारच्या घरची. जैतुनबी जपंल." तिसरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

मी हात मागे घेतला. "मावशी, मला नको. नाथाला द्या. गावात कुणालाही द्या. माझ्या हातून एकदा घालवून झालंय."

"म्हून तर तुला," त्या म्हणाल्या. "तू आता जन्मात कुणाला शिजवू द्यायची नाय. मी एवढी वर्सं एकलीच जागली, पोरी. आता थोडं तू जाग."

ती पुरचुंडी नाशिकरोडला तिसऱ्या मजल्यावर, एका स्टीलच्या डब्यात आहे. यंदा जूनमध्ये वरच्या खाचरात तिघांचंही बी थोडं थोडं पेरायचं ठरलंय. तोवर मी दिवसातून तीनदा डबा उघडून बघते. ओल नाही ना, किडा नाही ना. बाहेरगावी जायचं टाळते. नवरा म्हणतो, वेड लागलंय तुला.

परवा दुपारी मी फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही, दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा सगुणाबाईंनी उचलला, आवाज जड होता.

"काय झालं मावशी? बरं नाही का?"

"नाय गं," त्या म्हणाल्या. "झोप लागली व्हती."