दवाईवाली चक्की

मी आज जो काही आहे तो कोणामुळे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी चक्कीवाल्या मावशींचं नाव घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. उलट ती म्हणते, "घे, घे. तुह्या तोंडून ते नाव निघालंच पाह्यजे."

कळंबपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात मावशींची पिठाची चक्की आहे. भुवयांवर आणि पापण्यांवर कायम पीठ बसलेलं असल्यामुळे मावशी चाळिशीतच म्हाताऱ्या दिसायच्या, आणि एखाद्या लग्नाला तोंड धुऊन आल्या की लोकांना ओळखू यायच्या नाहीत. त्यांचं खरं डोकं मात्र त्यांच्या बोटांत होतं. डबा समोर आला की आधी कोपरापर्यंत हात आत. मग मूठभर धान्य नाकाशी. "ज्वारीले किडं लागून राह्यले. उन्हात टाक, मंग आण." एकदा शेजारच्या काकूंच्या गव्हात हात घालून त्या हळूच म्हणाल्या, "यात कंट्रोलचा, रेशनचा गहू मिसळला नं? घाबरू नको, तुह्या सासूले नाई सांगत. पण मले काऊन फसवून राह्यली?" काकू त्यानंतर वर्षभर डबा नवऱ्याच्या हाती पाठवायच्या.

दुसरी सवय पहिल्या पसाभर पिठाची. चक्कीतून आधीच्या माणसाचं पीठ कधीच पूर्ण निघत नाही. दगडांत, झोळीत थोडं राहतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून मावशी प्रत्येक दळणाचं पहिलं पसाभर पीठ एका वेगळ्या पिंपात टाकायच्या. लोक कुरकुरायचे. मावशी म्हणायच्या, "दुसऱ्याचं पीठ तुह्या पोटात कायले पाह्यजे?"

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. यवतमाळला बी.एस्सी.ला होतो. सुट्टीत दळण घेऊन गेलो की मावशी रांगेतल्या बायांना म्हणायच्या, "सरका वो, साहेब आले." मग मला, "काय शिकून राह्यला?" मी म्हणायचो, "रसायनशास्त्र." "मंग एखादा साबण तरी बनवून आण मावशीसाठी!" रांग हसायची. मलाही आतून बरं वाटायचं.

माझ्या शेवटच्या वर्षीची दिवाळी. हरभऱ्याची पेरणी होऊन घरात बियाण्याचे सात-आठ किलो दाणे उरले होते. बियाण्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून दवाई चोळलेली असते, आणि ती ओळखू यावी म्हणून दाणे गुलाबी रंगवलेले असतात. आमच्याकडे औषध माणसाचं असो की पिकाचं, त्याला दवाईच म्हणतात. हे बियाणं खात नाहीत, हे माझ्या न शिकलेल्या आईलाही ठाऊक होतं. पण ती कापूस वेचायला गेली होती, आणि मी शिकलेला होतो. मला वाटलं, रंग पाण्यात सुटतो म्हणजे दवाईही सुटत असणार. तीन पाण्यांनी धुतले, दोन दिवस कडक उन्हात वाळवले. दाणे पिवळे झाले. लाडवांच्या बेसनासाठी डबा मावशींकडे नेला. त्यांनी सवयीने हात घातला. "धुतल्यासारखे वाटते रे?" मी म्हणालो, "घरचेच आहेत मावशी, धूळ होती." त्यांनी पुढे विचारलं नाही. साहेबांवर विश्वास ठेवला.

ते सोमवारी दुपारी. बुधवारी मावशींनी दगडांना टाकी लावायला, म्हणजे झिजलेले दगड पुन्हा खरखरीत करायला, चक्की उघडली. चक्कीच्या तोंडाशी, पत्र्याच्या सांध्यात चार-पाच हरभरे अडकलेले होते. दाण्याच्या टोकाच्या खाचेत गुलाबी रंग तसाच होता. ते दाणे मुठीत घेऊन मावशी सरळ आमच्या घरी आल्या. आई बेसनाच्या डब्याचं झाकण उघडतच होती.

"राहू दे बाई ते," मावशी म्हणाल्या. मग माझ्यासमोर मूठ उघडली. "हे कोणते हरभरे?"

मी सगळं सांगितलं. धुतल्याचंही सांगितलं, तीनदा.

"धुतल्यानं रंग जाते बापू," त्या म्हणाल्या, "दवाई गेली का नाई, ते कोण सांगन?"

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला पेन आणि पुठ्ठा घ्यायला लावला आणि चक्कीवर नेलं. त्यांचे दीर तिथे होते. ते समजावू लागले, "वयनी, दिवाळी तोंडावर हाय. बस-स्टँडवर नवी चक्की लागली. हे सांगशीन तं एक माणूस इकडे फिरकणार नाई. नंतरच्या दोन-चार घरी चूपचाप सांगून ये नं."

"कोणाच्या डब्यात किती गेलं, मले माहीत हाय का?" मावशी म्हणाल्या. "मंग कोणाले सांगू अन् कोणाले नको?"

मी पुठ्ठ्यावर लिहिलं: 'तांत्रिक कारणास्तव ग्राहकांनी पीठ परत आणावे ही नम्र विनंती.' तिथे एक अक्षरओळख नसलेल्या आजी बसल्या होत्या. मावशींनी मला ते त्यांना वाचून दाखवायला लावलं आणि विचारलं, "समजलं का?" आजी म्हणाल्या, "चक्की बिघडली म्हणते वाटते."

"दुसरं लिही," मावशी मला म्हणाल्या. "ज्याच्या घरी पीठ हाय त्याले समजलं पाह्यजे."

मग लिहिलं: 'सोमवार दुपारपासून या चक्कीवर दळलेल्या पिठात शेतीची दवाई गेली असू शकते. खाऊ नका. गुराढोरांना घालू नका. परत आणा, आमच्याकडून तेवढंच धान्य नेऊन दुसरीकडे दळा.' आजींना समजलं. त्या लगेच उठून घरी पळाल्या, सुनेनं पोळ्यांना घेतलं असेल म्हणून. हेच शब्द मावशींनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून स्वतः तीनदा सांगितले.

संध्याकाळपर्यंत दारात डब्यांची रांग लागली. बोलणीही लागली. "दिवाळीले दवाई खाऊ घालून राह्यली का वो?" "आमच्या पोराले काल उलटी झाली, आता समजलं!" मावशींनी त्या पोराला पिठाच्या पुडीसकट कळंबच्या दवाखान्यात पाठवलं. पोरगं चांगलं निघालं, पण उलटी कशानं झाली हे काही कळलं नाही. शेवटी कोणीतरी विचारलंच, "पण असे हरभरे आणले कोणी?"

मी तिथेच उभा होतो, डबे रिकामे करत. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चक्की माही हाय," त्या म्हणाल्या. "माह्या चक्कीतून गेलं."

मी तोंड उघडलं नाही. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, घराचं नाव जाईल, बाबांना मान वर करता येणार नाही. खरं म्हणजे मला साहेब राहायचं होतं. रांगेमागे आई पदर तोंडाला लावून उभी होती. तीही बोलली नाही, आणि ते तिला अजून टोचतं.

सगळं पीठ आम्ही गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरलं. चक्की धुतली, वाळवली, पुसली. मावशींनी पहिलं दळण स्वतःच्या घरचं केलं आणि त्याच्या पोळ्या चक्कीच्या दारात बसून खाल्ल्या. तरी त्या दिवाळीत कोणी आलं नाही. पुढे निम्मी गिऱ्हाइकं परतली. नाव मात्र चिकटलं, 'दवाईवाली चक्की'. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, ती पोरंही आज तेच म्हणतात.

मी आता दुसऱ्या जिल्ह्यात, अन्नाची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात नोकरीला आहे. एखाद्या मालात खोट निघाली की लोकांसाठी सूचना लिहिणं हे माझं काम. 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द टेबलावर आले की मी ते खोडतो आणि बाहेर बसलेल्या शिपाईमामांना मजकूर वाचून दाखवतो. लोकांना ही माझी लहर वाटते.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मावशींचे गुडघे गेलेत. महिनाअखेर चक्की बंद करून त्या मुकुटबनला लेकीकडे चालल्या आहेत. त्याच रात्री मी हे पत्र लिहिलं.

"आदरणीय मावशी,
सादर नमस्कार.

तुम्ही जाण्याआधी एक सूचना लावायची राहिली आहे. तेव्हाच्या पुठ्ठ्यावर एक ओळ कमी होती, आणि ती मी लिहायला हवी होती. ती अशी:

'ते दवाईचे हरभरे मी आणले होते. मावशींना मी खोटं सांगितलं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं, मी गप्प बसलो.'

खाली माझं आणि बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आहे. बाबांना विचारलं, ते हो म्हणाले. आईने तर फोनवरच दोनदा वाचून घेतलं.

रविवारी सकाळच्या बसने येतो. कागद दारावर मीच लावीन आणि भोंग्यावरूनही मीच वाचीन. तुम्ही नको म्हणाल, हे मला माहीत आहे. पण ज्यांच्या घरी ते पीठ गेलं, त्यांना समजायला हवं, हे तुम्हीच शिकवलं.

तुम्ही फक्त दारात बसा. माझं वाचून झालं की त्या दिवसासारखं लोकांना विचारा, 'समजलं का?'

तुमचा,
बापू"