मिठागरातलं भात

मिठागरात भात लावलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. खाडीकाठच्या मुर्धा गावी चिखलात धोतर खोचून उभा होतो. शेजारी जागा बघायला कोर्टाने पाठवलेला कमिशनर, समोर पिवळी पडलेली वीतभर रोपं.

"शेत आहे हे," उस्मानशेठ म्हणाला.

मी त्याच्या बहिणीचा, फातमाबीचा वकील. बाप वारला तेव्हा मागे हे मिठागर राहिलं आणि बांधापलीकडची भातजमीन. शरियतप्रमाणे भावाला दोन हिस्से, बहिणीला एक. पण त्यांच्या जमातीत मुलीला जमीन न द्यायची वहिवाट होती, आणि कोर्टंही वहिवाटच धरत. एकोणीसशे सदतीसच्या शरियत ॲक्टने ती मोडली. फक्त कायदा करणाऱ्यांनी त्यात एक पाचर मारून ठेवली: शेतजमिनीला ॲक्ट लागू नाही. म्हणून फातमाबीचा दावा दाखल होताच, मिठागरही शेत ठरावं या हिशोबाने शेठने तिथे भात लावलं.

मी आधी फातमाबीला म्हटलं होतं, "घरात मिटवा. भाऊ तुटेल."

"मी न्हाय तोडला, वकीलसाब. वाटा आल्लानं दिलाय. मी भीक मागत न्हाय."

मला लाज वाटली. दावा लिहायला घेतला.

कमिशनर लिहायला लागला तसं मी विचारलं, "शेठ, आता मीठ बंद?"

"बंद. भातच करणार."

"मग मिठाचा सरकारी परवाना परत करतो, असं लिहून द्या. आत्ताच."

शेठने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील खाडीकडे बघत होता. परवाना गेला की त्या खाऱ्या चिखलाला कुत्रं विचारणार नव्हतं.

बांधावरून फातमाबी ओरडली, "लिही ना, भाई! तू मीठ सोड, मी दावा सोडते!"

मला न विचारता बाई सगळं पणाला लावून मोकळी!

"विचार करून सांगतो," शेठ पुटपुटला. कमिशनरने तेही लिहून घेतलं.

मिठागर शेतजमीन नाही, असा ठाण्याच्या कोर्टाने निकाल दिला. मिठागरात फातमाबीला तिसरा हिस्सा मिळाला. भातजमिनीत काहीच नाही. बाप एक, धर्म एक, मध्ये बांध.

"कुराणात हा बांध कुठं हाय?" तिने विचारलं.

"कुराणात नाही. ॲक्टमध्ये आहे."

"मंग ॲक्ट चुकलाय. वर अपील करा."

केलं. हरलो. अजूनही म्हणतो, तिचंच बरोबर होतं. धर्माचा हुकूम सरकारी कायद्यात उतरवायला बसतात तेव्हा जमीनवाले हजर असतात. बहिणींना कोणी बोलावत नाही.