कोचना दिलेलं फूल

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारखं. माफी कुणाची मागते तेही नीट ठाऊक नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. माझ्या मुलाला मराठी बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही. म्हणून तर मोकळेपणानं लिहायला बसले.

इकडं परदेशात, नेपरव्हिल शहराच्याही पुढं, घरं संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथल्या हायस्कूलमध्ये मी फुटबॉलच्या पोरांचे कपडे धुवायचे. हे वारले त्याच्या पुढच्या वर्षी ते काम मिळालं. इकडचा फुटबॉल आपल्यासारखा पायांनी खेळत नाहीत. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून पळणाऱ्याला लोळवायचं. माझा मुलगा पळणारा होता. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव मैदानावर जमायचं आणि सोमवारी त्या संध्याकाळचा चिखल, गवताचे हिरवे डाग आणि रक्त माझ्या मशीनपाशी यायचं.

कोचचं ऑफिस माझ्या धुण्याच्या खोलीला लागून होतं. मध्ये पातळ भिंत. बाहेरच्या बोळात म्हाताऱ्या कोचचा मोठा फोटो होता. त्यांनी इतकी वर्षं टीम चालवली होती, की एकाच घरातले बाप आणि लेक दोघंही त्यांच्या हाताखाली खेळलेले. मैदानाला त्यांचंच नाव. निवृत्त झाले तरी प्रत्येक मॅचला घडीची खुर्ची घेऊन कुंपणाशी बसायचे. त्यांच्या वेळी सरावात पाणी मागायची पोरांची हिंमत नव्हती म्हणे. कुणी आपटला की ते एवढंच म्हणायचे, "झटक आणि पळ." गाव त्यांना देवासारखं मानायचं.

मी गेले तेव्हा दुसरे कोच होते. त्यांचाच खेळाडू. बोलणं कमी. ओल्या कपड्यांची टोपली मला उचलू द्यायचे नाहीत. माझा मुलगा मला आई म्हणतो म्हणून तेही आईच म्हणायचे, आणि त्यांचं ऐकून सगळी टीम. एवढाली दांडगी गोरी-काळी पोरं दारात येऊन "आई, माझे सॉक्स?" म्हणायची. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

एकदा कोचना मी काहीतरी विचारलं, त्यांना ऐकूच गेलं नाही. मग ते माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले. मला समजावं म्हणून सावकाश बोलले. "हा कान शाळेत असतानाच गेला. डोक्याला मार लागला होता. कोच म्हणाले, झटक आणि पळ. मी पळालो. आम्ही जिंकलो म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही."

मुलाच्या शेवटच्या वर्षीची गोष्ट. एका शुक्रवारी तो जोरात पडला, उठला, पुन्हा खेळला. रविवारी नेपरव्हिलला एका ताईंकडे आपल्या लोकांची बुद्धवंदना होती. हा घरात आलाच नाही. ऊन सोसत नाही म्हणून जॅकेट डोक्यावर घेऊन गाडीत बसला. मग गाडीच्या बाजूला ओकला.

"गाडी लागली असेल पोराला," ताई म्हणाल्या. "आलं द्या चघळायला. आणि काय हो वहिनी, एवढा अभ्यासात बरा मुलगा, त्याला त्या रेड्यांच्या टकरीत कशाला घालता?"

मी आल्याचा तुकडा घेऊन गाडीपाशी गेले.

"आई, कोचला नाही सांगायचं हं. फ्रायडेला कॉलेजचा माणूस मला बघायला येतोय. पूर्ण फी देणारेत. प्रॉमिस?"

"आधी हे चघळ."

"आई, प्रॉमिस!"

मी प्रॉमिस केलं नाही. नाहीसुद्धा म्हणाले नाही. आत जाऊन वंदनेला बसले. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील म्हणताना मी दारातून गाडीकडे बघितलं.

सोमवारी कोच टोपली न्यायला आले. माझ्याकडे इंग्रजी थोडं. मी डोक्याला हात लावला, मग पोटाला, आणि म्हटलं, "माझा मुलगा. ओकला. उजेड नको म्हणतो." त्यांनी टोपली खाली ठेवली. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काही नाही कोच, आई उगाच घाबरते." कोचनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली घेतली.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूला मार बसलाय, आता खेळायचं नाही, असाच पुन्हा बसला तर भरवसा नाही, असं स्पष्ट सांगितलं. आमच्याकडे विमा नव्हता. पैसे भरायच्या खिडकीपाशी मी पर्स उघडून नुसतीच उभी राहिले. कोचनी आपलं कार्ड पुढं केलं.

"मी फेडीन," मी म्हणाले.

"घाई नाही, आई."

परतताना मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, "कोच, डोक्याचं कुणाला सांगू नका. कळलं तर कुठलंच कॉलेज घेणार नाही मला." कोचनी आरशातून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही सांगणार." मुलगा माझ्याशी मात्र त्या दिवसापासून बोलला नाही. ताट पुढं ठेवलं की जेवायचा आणि उठायचा.

त्या शुक्रवारी सीनियर नाइट होती. शाळेतलं शेवटचं वर्ष असलेली मुलं मॅचच्या आधी आईबापांचा हात धरून मैदानात येतात. मी माझी पांढरी साडी नेसले. आपल्यात मंगल कामाला तीच नेसतात. वरून यांचा जुना कोट. मुलानं नुसती जर्सी घातली होती, खाली साधी पँट. ते बघूनच बाकांवर कुजबुज सुरू झाली, की आपला पळणारा आज बाहेर बसलाय.

आमचं नाव पुकारलं. मुलानं हात धरला, पण माझ्याकडे बघितलं नाही. एवढ्या लोकांसमोर माझी मान वर होईना. मला पुढच्यांचे बूट तेवढे दिसत होते, ते काय करतात ते दिसत नव्हतं. मधल्या रेघेपाशी मुलानं माझ्या हातात पिवळ्या शेवंतीचं एक फूल दिलं. समोर कोच उभे.

आपल्याकडे वंदनेला दारातच प्रत्येकाच्या हातात फूल देतात. ते स्वतःसाठी नसतं. समोर नेऊन वाहायचं असतं. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. मी पुढं झाले, ते फूल दोन्ही हातांनी कोचच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला.

बाकांवर कुणीतरी हसलं. मग पळणारा बसवल्याच्या रागात एकजण ओरडला, "कोच, मयताचं फूल आलं बघ तुझं!" आणि हुर्यो उडाली. कोच ते फूल धरून उभे. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मुलगा माझ्या कानाशी म्हणाला, "आई, ते तुझ्यासाठी होतं." सोमवारपासून तेवढंच बोलला.

नंतर कळलं, त्या दिवशी मुलं आपापल्या आईला फूल देतात. सगळ्या बायांच्या हातात होतं. माझ्या नव्हतं. मुलाच्या मनात त्या वेळी राग होता की माया, ते मी कधी विचारू शकले नाही. फूल मात्र त्यानं दिलं होतं.

आम्ही हरलो. कॉलेजचा माणूस मॅच संपायच्या आत निघून गेला. सोमवारी कोचच्या टेबलावर कागदी पेल्यात पाणी घालून ती शेवंती ठेवलेली होती.

ख्रिसमसच्या आधी टीमला पैसे देणारे लोक त्यांच्या ऑफिसात जमले. म्हातारे कोचही होते. मी भिंतीच्या अलीकडे पँटच्या घड्या घालत होते.

"सगळ्यात चांगला पोरगा बाहेर बसवलास. का?" एकानं विचारलं.

"माझा निर्णय."

"कारण काय पण?"

"माझा निर्णय होता."

म्हातारे कोच म्हणाले, "माझ्या वेळी पोरं पाय मोडला तरी बाहेर यायची नाहीत."

"ठाऊक आहे," आमचे कोच म्हणाले. "तुमच्या वेळचाच आहे मी. जरा या बाजूनं बोला, त्या कानानं ऐकू येत नाही."

फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. म्हातारे कोच बोळात येऊन आपल्याच फोटोखाली थोडा वेळ उभे राहिले आणि टोपी घालून गेले. त्यांनी एक शब्द टाकला असता तर कोचची नोकरी राहिली असती, असं मला अजून वाटतं. एक शब्द माझ्याकडेही होता. पण डोक्याचं ते मुलाचं गुपित होतं, आणि कोचनी ते राखायचं ठरवलं होतं.

नाताळची सुट्टी लागायच्या आत त्यांनी खोका भरला. जाताना माझ्या दारात आले. शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातलेली दिसत होती. म्हणाले, "आई, तुम्ही सांगितलंत ते बरोबर केलंत." टोपली तेवढी त्यांनी मशीनपाशी नेऊन ठेवली.

तिसरे कोच तरुण होते. मॅचच्या कॅसेट लावून पोरांना शिकवायचे. माझ्याशी वागायला चांगले, नवीन मशीनही त्यांनीच आणवलं. टीम जिंकायला लागली. मग बोळात म्हाताऱ्या कोचच्या शेजारी त्यांचा फोटो लागला. दोन फोटो अगदी खेटून. मधल्यासाठी खिळ्याएवढीही जागा ठेवली नव्हती. मी रोज तिथून टोपली घेऊन जायचे.

मुलाला कुठल्याच कॉलेजनं बोलावलं नाही. तो गोदामात कामाला लागला, संध्याकाळी क्लासला जायचा. आमचं बोलणं म्हणजे "जेवलास?" "हो." एवढंच. कोच दोन गावं पलीकडे हार्डवेअरच्या दुकानात होते. पगार झाला की मी पोस्टातून थोडे थोडे पैसे पाठवत राहिले.

काही वर्षांनी एका शनिवारी मुलानं टेबलावर नोटा ठेवल्या. "उरलेले," तो म्हणाला. "कोचला दे. मी नेतो तुला."

दुकानासमोर त्यानं गाडी उभी केली, पण उतरला नाही. इंजिन चालूच होतं. मी एकटी आत गेले. कोच रंगाचे डबे लावत होते. केस पिकले होते. मी त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि पाकीट दिलं. ते न उघडताच खिशात घालायला लागले.

"मोजा," मी म्हणाले.

"गरज नाही, आई."

"देणाऱ्यासमोर मोजायचे असतात."

त्यांनी अंगठा ओला केला आणि मोजायला घेतलं. मध्येच थांबून काचेतून बाहेर बघितलं.

"डोकं कसं आहे त्याचं?"

"चांगलं आहे."

त्यांनी हात वर केला. मुलगा स्टिअरिंगकडे बघत होता. त्यानं वर बघितलं नाही. थोड्या वेळानं इंजिन बंद झालं, दार मात्र उघडलं नाही. कोच वाट बघत तसेच उभे राहिले. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, अगदी सावकाश. शेवटची नोट मोजून झाली.

"पूर्ण आले, आई," ते म्हणाले.